नाकारलेल्या एकोणीस प्रती

दोनशे चौदा क्रमांकाच्या प्रतीत, उजवीकडे खाली, कोपऱ्यात एक अंगठा होता.

चित्र नेच्याच्या एका पानाचं. जलरंगातलं, कुणा अज्ञात चित्रकारानं काढलेलं. मूळ कागद मी पेटीतून काढून पाहिला. त्या कोपऱ्यात एका पिवळसर डागाखेरीज काही नव्हतं. संगणकावरच्या प्रतीत मात्र एक पेर आणि जवळजवळ सबंध नख स्पष्ट उमटलं होतं. चित्राशेजारी मोजपट्टी ठेवलेली असतेच, तिच्यावरून मी माप घेतलं. नखाची रुंदी चौदा मिलिमीटर. नख नीट कापलेलं. पेरावर एक आडवा, जुना व्रण — बहुधा काचेचा.

एवढं टिपून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की दोषाची नोंद करायला अंगठ्याचं माप लागत नाही.

आमच्या ग्रंथालयात वनस्पतींची हातानं काढलेली अकराशे चाळीस चित्रं आहेत. कागद जुने, रंग नाजूक, वाचकांच्या हाती द्यायची सोय नाही. म्हणून त्यांच्या डिजिटल प्रती करायचं ठरलं आणि तळमजल्यावर एक छायाचित्रकार करारावर आला. त्यानं प्रती करून पाठवायच्या. मी पहिल्या मजल्यावर मूळ चित्र समोर ठेवून त्या तपासायच्या, मग सूचीत नोंद करायची. शिकले मी वनस्पतिशास्त्र, पण नऊ वर्षं नोंदींचंच काम करत होते. तीन आठवडे तो खाली आणि मी वर. एकदाही समोरासमोर आलो नव्हतो.

अंगठ्याचं एक वेळ ठीक. पण मी दोनशे चौदाची नोंद उघडली आणि…

चित्रकार या रकान्यात छायाचित्रकाराचं नाव. चित्र काढल्याचा काळ — गेला गुरुवार, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.

मी मागची नोंद पाहिली. तिच्या मागची. प्रतीची सगळी माहिती मूळ चित्राच्या रकान्यांत जाऊन बसली होती. दोनशे चौदा चित्रं, सगळी त्याचीच.

मी जिना उतरले.

खालच्या खोलीच्या भिंती राखाडी होत्या, पडदे राखाडी, टेबलही राखाडी. भोवती दुसरा रंग असला की तो उजेडाबरोबर कागदावर उतरतो, म्हणून. एक माणूस राखाडी शर्टात कॅमेऱ्याखाली वाकला होता.

"एक मिनिट," तो मान वर न करता म्हणाला. "श्वास रोखलाय."

बोलतोय म्हणजे रोखलेला नाही, असं माझ्या मनात आलं. त्यानं दोन्ही तळवे कागदाखाली सरकवले, झोपलेलं मूल उचलावं तसं चित्र उचललं, पेटीत ठेवलं, आणि मग खरोखरच श्वास सोडला.

"बोला."

"अभिनंदन करायला आले होते," मी म्हणाले. "नेच्याचं चित्र छान काढलंय तुम्ही."

"मी?"

"सूचीत तसं लिहिलंय. नेचे, शेवाळं, ऑर्किडं. तीन आठवड्यांत दोनशे चौदा चित्रं. एवढा झपाटा आजवर कुणाला जमला नव्हता."

तो माझ्याबरोबर संगणकापाशी आला. मी रकाना दाखवला. तो गंभीरपणे वाचत राहिला.

"आईला कळवायला हवं," तो म्हणाला. "शाळेत चित्रकलेत नापास झालो होतो. तिच्या मनात ते अजून आहे."

"दोनशे चौदावर तुम्ही सहीसुद्धा केलीय." मी कोपरा मोठा करून दाखवला.

त्यानं आधी पडद्यावरचा अंगठा पाहिला, मग स्वतःचा. "म्हणजे मी अंगठेबहाद्दर."

"असं मी म्हटलेलं नाही."

"पण म्हणणार होतात."

म्हणणार होते. म्हणून मी विषय बदलला आणि चूक शोधायला बसले. ती त्याची नव्हती. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर प्रतीबरोबर करणाऱ्याचं नाव नि वेळ पाठवायचं, आणि आमची सूची ते पहिल्या रिकाम्या रकान्यात भरून टाकायची. चित्रकाराचा रकाना रिकामा होता, कारण तो मी रिकामा ठेवला होता. 'अज्ञात' असं लिहायलाही खात्री लागते, आणि माझी खात्री नऊ वर्षांत झाली नव्हती.

"म्हणजे तुम्ही जागा मोकळी ठेवलीत," तो म्हणाला, "आणि मी न विचारता येऊन बसलो."

"उठवते आता."

"सावकाश उठवा. घाई नाहीये."

नोंदी दुरुस्त करायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात आमचा एक वाद रोज थोडा थोडा चालला. माझ्या मते नोंद एकच हवी होती, मूळ चित्राची, आणि तिच्या तळाशी प्रतीचा दुवा. त्याला ते पटत नव्हतं.

"प्रतीला स्वतःची नोंद का नाही?"

"कारण मूळ एकच असतं. प्रत म्हणजे तिथं जायची वाट."

"वाटेवरही काही दिसतं की."

"काय दिसतं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मला खाली बोलावलं. एका कमळाच्या चित्रावर त्यानं दिवा अगदी तिरपा, कागदाच्या पातळीला आणून ठेवला आणि प्रत घेतली. पडद्यावर कमळाच्या डाव्या बाजूला आणखी एका पानाची बाह्यरेषा उमटली. रंग नाही, शिसपेन्सिलीची रेघ नाही, फक्त दाबाची खूण. चित्रकारानं पान काढलं होतं आणि खोडून टाकलं होतं.

ते चित्र मी नऊ वर्षं पाहत होते.

"दोन नोंदी करू," मी म्हणाले. "एक मूळची, एक प्रतीची. मूळच्या नोंदीत लिहायचं, याची प्रत अमुक ठिकाणी. प्रतीच्या नोंदीत, हिचं मूळ अमुक पेटीत. काळ वेगळे, माध्यम वेगळं, करणारा वेगळा."

"पण दोघांना एकमेकांचा पत्ता ठाऊक."

"हो."

"भेटगाठ नाहीच?"

"तपासणीच्या वेळी होते," मी म्हणाले. "माझ्या टेबलावर. साधारण चार मिनिटं."

"एवढीच?" तो म्हणाला. "आम्हाला जरा वाढवून द्या."

त्यानं 'आम्हाला' म्हटलेलं मी ऐकलं नाही असं दाखवलं. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की मूळ चित्रं पेटीबाहेर काढायची नाहीत, असा आमच्याकडे नियम आहे. पावसाळ्यात काटा दिवसेंदिवस सत्तरीवर असायचा. मग काम बंद, आणि जिन्याखालच्या खिडकीपाशी चहा. अशाच एका दिवशी तो हळदीच्या रंगाचा शर्ट घालून आला. मी इतका वेळ पाहत राहिले, की त्याला खुलासा करावासा वाटला.

"आज कॅमेरा बंद. मग राखाडी कशाला?"

"मला वाटायचं तुमच्याकडे एकच शर्ट आहे."

"सात आहेत. सगळे राखाडी. हा आठवा." खिडकीबाहेर पागोळ्यांची सरळ रेघ लागली होती. तो कप खाली ठेवत म्हणाला, "हा घालायला कारण मिळत नव्हतं."

दिवसाच्या उजेडात त्याचे डोळे काळे नसून तपकिरी होते. ही नोंद मी कुठेच केली नाही. गरज नव्हती, लक्षात राहिली. 'तुम्ही'चं 'तू' कुठल्या दिवशी झालं ते मात्र मला सांगता येणार नाही. दोघांनाही कळलं नाही.

आमच्या ग्रंथपाल मॅडमना सगळं कळायचं. एकदा जिना उतरता उतरता त्या थांबल्या. "काट्यावर माझा विश्वास आहे हो," त्या म्हणाल्या. "पण साठच्या वर गेला की सगळ्यांची तोंडं उतरतात आणि तुमची दोघांची का उजळतात, तेवढं सांगा."

"चहा चांगला असतो, मॅडम," तो म्हणाला.

"इथला? नऊ वर्षं ही तो ओतून देते."

अकरा महिने झाले. आणि त्या पावसाळ्याच्या अखेरीस, काटा त्र्याहत्तरवर असताना, तो म्हणाला, "पुढचं काम ठरलं. दुसऱ्या शहरात, एका संग्रहालयात. तीन वर्षं."

"अरे वा," मी म्हणाले.

"त्यांच्याकडे नोंदी करणारं कुणी नाही. जागा निघालीये… अर्ज कर. म्हणजे — मी नोकरीसाठी म्हणत नाहीये. नोकरीसाठीही म्हणतोय. पण मुळात…" तो थांबला. कागद उचलताना थांबायचा तसाच. "लग्न करशील माझ्याशी?"

पाऊस पडत होता. मी पागोळ्या मोजत होते, हे मला नंतर कळलं.

"विचार करून सांगते."

"सांग. मी मागे लागणार नाही. फक्त चित्रं संपायच्या आत सांग."

"एकशे बारा उरलीत."

"मोजून ठेवलीस," तो म्हणाला आणि हसला.

मला काय हवं होतं, त्याबद्दल मला शंका नव्हती. शंका घरची होती. आई गेल्यापासून बारा वर्षं मी आणि बाबा, दोघंच. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. आता गुडघ्यांनी दगा दिला होता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे ते दिवसभर खिडकीपाशी बसून असत. त्यांना तिथून हलवायचं कसं? आणि हलवायचं नाही तर सोडून जायचं कसं? या दोन्ही प्रश्नांचा मी विचार करत होते असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी फक्त ते प्रश्न उराशी बाळगून होते.

आणि चित्रं संपत होती.

त्या एकशे बारांतली पहिली प्रत मी परत पाठवली ती खरोखर शंका आली म्हणून. रंग ताडून पाहायला चित्राशेजारी ठेवतात ती रंगपट्टी जराशी कलल्यासारखी वाटली. त्यानं ती कुरकूर न करता पुन्हा काढून दिली. त्यात एक दिवस गेला. एक दिवस मिळाला, असं माझ्या मनात आलं, आणि त्या विचाराला मी तिथंच थांबवायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात दोन परत गेल्या. मग चार. 'कडा किंचित अंधूक.' 'पांढरा रंग निळसर.' मी कारणं लिहीत गेले. आमच्या सूचीत नाकारण्याचं कारण एकदा लिहिलं की पुसता येत नाही. फार तर त्याच्याखाली दुसरी ओळ लिहिता येते.

सगळी चित्रं काढून झाली. बाकी राहिल्या त्या मी नाकारलेल्या प्रती. एकोणीस.

एका दुपारी तो वर आला. माझ्या टेबलावर त्यानं आलेखाचा कागद ठेवला. आडव्या अक्षावर चित्रांचे क्रमांक, उभ्यावर शेकडा किती प्रती परत गेल्या. एक रेघ हजारापर्यंत जमिनीलगत गेली होती आणि तिथून एकदम वर चढली होती.

"पहिल्या हजारात शेकडा दोन," तो म्हणाला. "शेवटच्या शंभरात एकोणीस. माझा हात बिघडलाय का?"

मी आलेख पाहत राहिले. अक्षांना नावं होती, एककं होती, बिंदू जिथल्या तिथं होते. चूक काढायला जागा नव्हती.

"कॅमेरा तोच. उजेड तोच. माणूस तोच. 'रंगपट्टी पाव अंशानं कललेली,'" त्यानं मी लिहिलेलं वाचून दाखवलं. "कशानं मोजलंस?"

"मोजलं नाही," मी म्हणाले.

नऊ वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं होतं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. "नाही म्हणायचं असेल तर मला म्हण," तो हळूच म्हणाला. "मी ऐकून घेईन. पण ते माझ्या कामावर नको लिहूस."

तो गेला. आलेख राहिला. तासाभरानं मॅडम आल्या. त्या संग्रहालयानं त्याच्या कामाचा अहवाल मागवला होता, उद्या संध्याकाळपर्यंत. "शेवटच्या शंभरात एकोणीस नाकारल्या, हे लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या. आलेखाकडे त्यांचं लक्ष गेलं, मग माझ्याकडे. "ते वाचून त्यांनी विचार बदलला तर मी काही करू शकणार नाही. तू बघ काय ते."

घरी गेले. जेवायला बसलो.

"आमटीत मीठ दोनदा पडलंय," बाबा म्हणाले.

"पडलं असेल."

"तुझ्या हातून? हे बातमीत द्यायला हवं."

मग मी सगळं सांगितलं. तो, चहा, प्रश्न, एकोणीस प्रती. बाबांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी ताट बाजूला सारून म्हणाले, "म्हणजे तू खोटी निरीक्षणं लिहिलीस."

आमच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही.

"हो."

"कशासाठी?"

"तो जाऊ नये म्हणून."

"मग तसं त्याला सांगायचं. त्या बिचाऱ्या चित्रांना कशाला वेठीला धरलंस?"

"आणि तुमचं काय करू, बाबा?" माझा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुमचे गुडघे, हे घर, ही खिडकी… तुम्ही 'जा' म्हणणार आणि इथं एकटे राहणार. म्हणून विचारलंच नाही मी."

"न विचारता माझं उत्तरही लिहून टाकलंस. ते विसावं." बाबांनी पाणी प्यायलं. "मी काय तुझ्या पेटीतलं चित्र आहे? बाहेर काढलं की रंग उडायला?"

"बारा वर्षं तुम्ही या खिडकीशी—"

"बसतो, कारण जिना उतरवत नाही. खिडकीवर माझं प्रेम नाहीये. समोर एक भिंत आहे, तिच्यावर एक पाइप आहे, बारा वर्षांत त्यात काही घडलेलं नाही. मला तळमजल्यावर घर मिळालं ना, तर मी रोज दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांशी भांडेन. कुठल्या का शहरात असेना."

मला हसू आलं आणि रडूही. बाबा माझ्या ताटाकडे पाहत राहिले.

"माणूस कसा आहे?"

"कागद उचलताना श्वास रोखतो."

"हं," बाबा म्हणाले. "आणि आलेख नीट काढतो म्हणतेस. बघू दे मला एकदा तो. आमटीत पाणी घाल थोडं, उद्या चालेल."

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी पोचले. एकोणीस मूळ चित्रं एकेक करून बाहेर काढली आणि एकोणीस प्रती शेजारी लावून मोजल्या, यावेळी संगणकावरच्या कोनमापकानं. कडा तपासल्या. पांढरा रंग उपकरणावर पाहिला. मग प्रत्येक नोंदीत, मी लिहिलेल्या कारणाच्या खाली, दुसरी ओळ लिहिली. 'प्रत निर्दोष. आधीचा शेरा न मोजता लिहिला होता. चूक तपासनीसाची.' खाली माझं नाव आणि तारीख. एकोणीस वेळा तेच लिहिताना हात दुखायला हवा होता, पण दुखला नाही.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "लेखी द्यावं लागेल हे."

"दिलंय, मॅडम. एकोणीस ठिकाणी. ते कायमचं राहील."

"राहील," त्या म्हणाल्या. अहवालाचा कागद पुढे ओढला, एक ओळ खोडली आणि पुन्हा लिहायला लागल्या. "आता इथं उभी का? खाली तो दिवे गुंडाळायला लागलाय."

तो खरोखरच दिवे उतरवत होता. एक दिवा खोक्यात गेला होता, दुसरा त्याच्या हातात होता. वायरीचं वेटोळं कोपरावर घेत तो थांबला. माझ्याकडे पाहिलं.

"सगळ्या मंजूर," मी म्हणाले. "मोजल्या. जास्तीत जास्त कल चार शतांश अंश. शेरा माझा चुकीचा होता, तसं प्रत्येक नोंदीत लिहिलंय. अहवालातही तसंच जाईल."

"तुझ्या नावानं?"

"माझ्याच हातचं होतं ते."

त्यानं वायर हळूच टेबलावर ठेवली. "म्हणजे चित्रं संपली."

"संपली."

खोलीत फक्त दमटपणा मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक होती. त्याला जे विचारायचं होतं ते त्याचं विचारून झालं होतं, आणि मागे लागणार नाही हा शब्द तो इतके दिवस पाळत आला होता. जिना उतरताना मी तीन वाक्यं तयार केली होती, क्रमवार. आता त्यातलं एकही सापडेना. मी दोन पावलं पुढे गेले आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या हातावर हात ठेवला… कशाच्याही खाली न सरकवता, सरळ वर.

"मला उशीर झालाय," मी म्हणाले. "मी येते तुझ्याबरोबर. लग्न करायचंय मला तुझ्याशी. आणि घर तळमजल्यावरचं बघ, बाबाही येतायत."